दप्तर तेच, शेरा निराळा

कांदेबागेची लागण चालू होती आणि अश्विनातल्या उन्हाने सातपुड्याची कड करडी पडू लागली होती, अशा एका दुपारी माझा एक जुना विद्यार्थी, ज्याला मी वीस-बावीस वर्षांपूर्वी वनस्पतिशास्त्राचे पहिले धडे दिले होते आणि जो आता रावेरच्या शिवारात वडिलोपार्जित सात एकरांवर केळी करतो, बगलेत कापडी पिशवी धरून माझ्या ओसरीवर येऊन बसला. पिशवीतून त्याने एमआरआयच्या फिल्मा काढल्या, शस्त्रक्रियेचे कागद काढले, आणि सर्वांच्या शेवटी, अत्तराची कुपी हाताळावी इतक्या जपणुकीने, गोळ्यांच्या रिकाम्या डबीत कापसात गुंडाळलेला मेणाचा एक लहानसा ठोकळा काढला. इस्पितळातील मंडळी ह्याला ‘ब्लॉक’ म्हणतात. मेणाच्या मधोमध तुरीच्या डाळीएवढा फिकट तपकिरी तुकडा दिसत होता. तो त्याच्या थोरल्या काकांच्या, म्हणजे साऱ्या गल्लीच्या नानांच्या, मेंदूतील गाठीचा होता.

कागदावर निदान ठळक अक्षरांत होते : ग्लायोब्लास्टोमा, ग्रेड 4. त्याखाली बारीक टाइपात चार-पाच ओळी होत्या, आणि त्यांपैकी एकीवर बोट ठेवून तो म्हणाला, “सर, गाठ कोणती ते डॉक्टरांनी समजावून सांगितलं. पण हे ‘ओलिग-2 पॉझिटिव्ह’ काय आहे? आणि चोराचं नाव जर कागदावर आलंय, तर त्याला धरायचं औषध का नाही?” पहिल्या प्रश्नाला उत्तर देता येण्यासारखे होते. दुसऱ्याने मी काही वेळ निरुत्तर झालो. कारण ज्या प्रश्नापाशी कर्करोग-संशोधनाची एक अख्खी शाखा कित्येक वर्षे अडून बसली आहे, नेमका तोच प्रश्न ह्या केळीवाल्या मुलाने चहा येण्याच्या आधीच विचारून टाकला होता.

मेंदूत विचार वाहणाऱ्या चेतापेशींच्या सोबतीला त्यांना आधार देणाऱ्या, त्यांचे पोषण पाहणाऱ्या आणि त्यांच्या तंतूंवर वेष्टन चढवणाऱ्या पेशी असतात. त्यांना ग्लायल पेशी म्हणतात, आणि त्यांच्या कुळातील गाठींना ग्लायोमा. अमेरिकेतील पर्सिव्हल बेली आणि हार्वे कुशिंग ह्या दोघांनी 1926 साली ह्या गाठींची पद्धतशीर वर्गवारी केली, तेव्हापासून ग्लायोब्लास्टोमा हे नाव वैद्यकात रूढ झाले. प्रौढांच्या मेंदूत उद्भवणाऱ्या घातक गाठींत हीच सर्वांत अधिक आढळते आणि हीच सर्वांत निर्दय. तिला कड नसते. यकृतातील किंवा स्तनातील गाठ बोटांनी चाचपून जशी वेगळी करता येते तशी ही येत नाही. तिच्या पेशी निरोगी मेंदूच्या तंतूंमधून, बांधावरच्या हरळीसारख्या, दूरवर पसरलेल्या असतात. वॉल्टर डँडी ह्या बाल्टिमोरच्या शल्यविशारदाने 1928 साली असे रुग्ण नोंदवले की ज्यांच्या मेंदूचा संपूर्ण उजवा गोलार्धच त्याने काढून टाकला होता. एवढे विलक्षण धाडस करूनही ह्या रोगाला मुळासकट उपटता आले नाही. गाठ पुन्हा उद्भवलीच.

केळीचे खोड कापले म्हणजे केळ मेली, असे आमच्या शिवारातले शेंबडे पोरही मानत नाही. आपण ज्याला खोड म्हणतो ते वस्तुतः पानांच्या देठांचे एकमेकांवर चढलेले आवरण. खरे खोड म्हणजे जमिनीखालचा कंद, आणि त्या कंदातून पिले फुटत राहतात. मजूर विळ्याने पिले कापतात आणि थोड्याच दिवसांत ती पुन्हा वर येतात. म्हणून जाणता शेतकरी नुसता विळा चालवून थांबत नाही. कापलेल्या पिलाच्या गाभ्यात, जिथे वाढीचा कोंब दडलेला असतो, तिथे घासलेटाचे चार थेंब सोडतो. मी हे सांगू लागलो तेव्हा माझ्या विद्यार्थ्याच्या चेहऱ्यावर, इतक्या काळजीतही, ओळखीचे हसू उमटले. नानांच्या शस्त्रक्रियेत विळा उत्तम चालला होता. प्रश्न गाभ्यातल्या थेंबांचा होता.

विळ्यानंतरचे जे उपचार आज सर्वत्र चालतात, त्यांचा पाया 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत घातला गेला. युरोप व कॅनडातील 573 रुग्णांपैकी निम्म्यांना केवळ किरणोपचार दिले आणि निम्म्यांना त्याच्या जोडीस टेमोझोलोमाइड ह्या गोळ्या. पहिल्यांचे मध्यम आयुर्मान 12.1 महिने भरले, दुसऱ्यांचे 14.6. अडीच महिन्यांच्या ह्या लाभाला कोणी नाक मुरडील तर मुरडो. त्याच चाचणीत दोन वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण शेकडा 10.4 वरून 26.5 वर गेले होते, आणि ज्या घरात लग्न ठरलेली मुलगी आहे त्या घराला ह्या आकड्याचा अर्थ वेगळा समजावून द्यावा लागत नाही. तथापि हे दोन्ही उपचार पेशीच्या डीएनएवर घाव घालणारे आहेत, म्हणजे पुन्हा विळेच. अधिक धारदार, इतकेच.

आता ओलिग-2 कडे येतो, आणि त्यासाठी वाचकाला जरा रावेरच्या तहसील कचेरीत नेतो.

ज्यांनी जुन्या काळी सातबाऱ्याची किंवा फेरफाराची नक्कल काढली आहे, त्यांना तो सारा विधी स्मरत असेल. मूळ दप्तर कचेरीबाहेर जात नसे. अर्ज लिहावा, त्यावर तिकीट डकवावे, मग अव्वल कारकुनाने चष्मा कपाळावर सरकवून अर्जाच्या समासात ‘नक्कल देणे’ असा शेरा मारावा, तेव्हा कोठे खालचा नकलनवीस दप्तरखान्यातून ते पान काढून उतरवून देई. (हल्ली हे काम यंत्रावर मिनिटात होते आणि त्यात चूक झाली तर कोणाशी भांडावे हे कळत नाही, पण ते असो.) आपल्या शरीरातील प्रत्येक पेशीच्या केंद्रकात असाच एक दप्तरखाना आहे. तीन अब्ज अक्षरांचे दप्तर, त्यात प्रथिने घडवण्याच्या सुमारे 20,000 कलमांची नोंद, आणि विशेष हे की नखाच्या पेशीत, यकृताच्या पेशीत आणि मेंदूच्या पेशीत हे दप्तर जवळजवळ अक्षरशः एकच असते. मग नख नख का होते आणि मेंदू मेंदू का? कारण प्रत्येक ठिकाणी नकला निराळ्या पानांच्या निघतात. नक्कल उतरवणारे प्रथिन सर्वत्र तेच. परंतु कोणत्या पानाची, केव्हा आणि किती प्रतींत नक्कल द्यावी हा शेरा मारणारी प्रथिने वेगळी, आणि त्यांनाच शास्त्रात प्रतिलेखन-घटक म्हणतात. मानवी शरीरात ती सुमारे 1600 प्रकारची आहेत. ती डीएनएच्या विवक्षित ठिकाणी जाऊन बसतात, आणि ती बसली की शेजारचे कलम बोलू लागते किंवा गप्प होते.

ह्या अव्वल कारकुनांची सत्ता किती, हे 2006 साली जपानच्या शिन्या यामानाका ह्यांनी दाखवले. चोवीस घटकांची छाननी करून त्यांनी अवघे चार निवडले, ते उंदराच्या त्वचेतील प्रौढ पेशींत घातले, आणि त्या पेशी गर्भावस्थेतील पेशींसारख्या पुन्हा कोवळ्या, पुन्हा काहीही होऊ शकणाऱ्या बनल्या. दप्तरातील एक अक्षरही बदलले नव्हते. शेरे बदलले होते. 2012 साली ह्या शोधाला नोबेल पारितोषिक मिळाले. त्यानंतर दोन वर्षांनी बॉस्टनच्या मारिओ सुव्हा, ब्रॅडली बर्नस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोच विचार ग्लायोब्लास्टोमाला लावला. ह्या गाठीत सर्व पेशी सारख्या नसतात. बहुसंख्य पेशी पक्व, काहीशा निरुपद्रवी. थोड्या मात्र कंदासारख्या, ज्यांच्यापासून गाठ पुन्हा उभी राहते. संशोधकांनी कंद-पेशींत विशेष आढळणारे एकोणीस घटक हेरले आणि त्यांतून पुन्हा चारच निवडले : पीओयू-3-एफ-2, सॉक्स-2, सॅल-2 आणि आपल्या नानांच्या कागदावरचा ओलिग-2. हे चार पक्व गाठ-पेशींत घालताच त्या कंद-पेशी झाल्या, आणि उंदरांच्या मेंदूत नवी गाठ रुजवू लागल्या.

ओलिग-2 हा काही जन्मजात गुन्हेगार नव्हे. निरोगी मेंदूत, विशेषतः गर्भाच्या वाढत्या मेंदूत, तंतूंवर वेष्टन चढवणाऱ्या पेशी घडवणे हे त्याचे सनदशीर काम. विकृतिशास्त्रज्ञ गाठीच्या पातळ कापाला रंग देऊन तो पाहतात, कारण तो दिसला की गाठ ग्लायल कुळातील आहे ह्याला पुष्टी मिळते. ‘पॉझिटिव्ह’ ह्या शब्दाचा अर्थ इतकाच. परंतु गाठीच्या कंद-पेशींत हाच कारकून आपली मुदत संपल्यावरही खुर्ची सोडत नाही, वाढीच्या पानांवर शेरे मारीत राहतो. आणि अधिक गोम अशी की ओलिग-2, सॉक्स-2 यांसारखे घटक परस्परांच्या नेमणुकीच्या कागदांवरही शेरे मारतात, त्यामुळे एकदा ही टोळी कचेरीत स्थिरावली की ती स्वतःलाच कायम करून घेते.

त्याच अहवालात पुढे पी-53 चा उल्लेख होता. हाही प्रतिलेखन-घटकच, 1979 साली सापडला तेव्हा त्यालाच कर्करोगाचा कर्ता समजले गेले, आणि तो वस्तुतः पहारेकरी आहे हे उमगायला पुढची दहा वर्षे जावी लागली. पी-53 जागा असला की बिघडलेल्या पेशीला विभाजन थांबवण्याचा, प्रसंगी मरण्याचा हुकूम देणारी पाने उघडतो. मग अहवालात तो गडद दिसणे चांगले नव्हे काय, असे माझ्या विद्यार्थ्याने विचारले, आणि तर्क बिनतोड होता. पण निरोगी पी-53 काम आटोपताच मोडीत निघतो, म्हणून तो रंगात फारसा दिसत नाही. बिघडलेला मोडला जात नाही, साचत जातो, आणि म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली ठळक दिसतो.

तिसरी गोष्ट नानांच्या कागदावर नव्हती, पण तिचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही. पेशीच्या गुणसूत्रांची टोके प्रत्येक विभाजनात थोडी झिजतात, आणि ती फार झिजली की पेशीचे विभाजन थांबते. ही झीज भरून काढणारे टेलोमरेज नावाचे प्रथिन असते, ज्याचे पान प्रौढ शरीरातील बहुतेक पेशींत बंद असते. 2013 साली असे ध्यानात आले की काही कर्करोगांत ह्या पानाच्या आरंभीच्या समासात एकच अक्षर बदललेले असते, आणि ग्लायोब्लास्टोमात तर बहुसंख्य रुग्णांत. त्या एका अक्षराने काय साधले? पुढे 2015 साली उत्तर मिळाले : त्या बदलाने समासात जीएबीपी नावाच्या घटकाला बसायला नवी जागा तयार होते. म्हणजे कोणी दप्तराच्या कोऱ्या समासात बनावट खूण केली, आणि प्रामाणिक कारकुनाने ती खरी समजून नकलेचा शेरा मारला. कॅलिफोर्नियातील संशोधकांनी 2018 साली जीएबीपीचा एक विशिष्ट भाग कापून काढला, तेव्हा तो बदल असलेल्या गाठ-पेशींची टोके झिजू लागली आणि त्या मेल्या. बदल नसलेल्या पेशींना मात्र धक्का लागला नाही. गुन्हेगाराला सोडून साऱ्या गावाला दंड करणाऱ्या आजच्या रसायनोपचारांच्या तुलनेत हा न्याय मला फार सुबक वाटतो.

इतके सगळे ठाऊक असताना औषध का नाही? औषध म्हणजे बहुधा एक लहानसा रेणू, जो प्रथिनाच्या एखाद्या खोबणीत किल्लीसारखा जाऊन अडकतो. पचनाची वा रासायनिक क्रियांची प्रथिने अशा खोबणींनी भरलेली असतात, कारण कच्चा माल धरायला त्यांना खोबण लागतेच. प्रतिलेखन-घटक मात्र डीएनएला रुंद हाताने धरतात. त्यांची पाठ गुळगुळीत, बराचसा देह सैल, पोंग्यातून नुकत्या सुटलेल्या पानासारखा आकारहीन. किल्ली घालावी कोठे? त्यातून ते केंद्रकाच्या आत बसलेले. त्यातून ही गाठ मेंदूत, आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या भिंती इतक्या घट्ट की रक्तात फिरणारी बहुतेक औषधे उंबरठ्यावरूनच परत फिरतात. आणि एक कारकून हटवला तर त्याचा कार्यभार दुसरा उचलतो : कोलंबिया विद्यापीठाच्या मंडळींनी 2010 साली दाखवले की स्टॅट-3 आणि सी-ईबीपी-बीटा हे दोन घटक मिळून गाठीला अधिक आक्रमक रूप देतात, आणि तो परिणाम उलटवायला दोघांनाही गप्प करावे लागते. स्टॅट-3 ला अडवणाऱ्या एका रेणूची प्राथमिक चाचणी ह्यूस्टनला रुग्णांवर झाली आहे. पण आजमितीस ग्लायोब्लास्टोमाच्या उपचारासाठी प्रतिलेखन-घटकावर नेम धरणारे एकही औषध मान्यता पावलेले नाही, आणि ‘मेंदूच्या कर्करोगावर रामबाण’ अशा मथळ्याखाली ह्या विषयावर जे काही दूरध्वनीवर फिरते, ते मी त्या मुलाला निःसंकोच पुसून टाकायला सांगितले.

तरीही हा मार्ग कल्पनेतला नव्हे. रक्ताच्या एका उग्र कर्करोगात दोन कलमे चुकून जोडली जाऊन एक विकृत प्रतिलेखन-घटक तयार होतो. चीनमधील वैद्यांनी अ-जीवनसत्त्वाचा एक भाऊबंद आणि आपल्या आजीबाईंना केवळ विष म्हणून ठाऊक असलेला सोमल, ह्या दोहोंनी त्या घटकाचा नाश करता येतो हे दाखवले, आणि एके काळी दिवसांत माणूस नेणारा तो रोग आज बहुतेकांत बरा होतो. मेंदूच्याच बाबतीत पाहू गेल्यास, प्राणवायूच्या कमतरतेत जागणाऱ्या एचआयएफ-2-अल्फा ह्या घटकाच्या पोटात डॅलसच्या संशोधकांना खरोखरच एक लहानशी पोकळी सापडली. तिच्यात बसणाऱ्या बेलझुटिफान ह्या औषधाला अमेरिकेत ऑगस्ट 2021 मध्ये मान्यता मिळाली, आणि ती ज्या आनुवंशिक व्याधीसाठी मिळाली तिच्यातील मेंदू व मज्जारज्जूच्या गाठींचाही तीत स्पष्ट समावेश आहे. त्या गाठी ग्लायोब्लास्टोमाइतक्या क्रूर नव्हेत. पण गुळगुळीत पाठीच्या कारकुनालाही कोठेतरी खिसा असू शकतो, हे एकदा सिद्ध झाले.

“हे सगळं तिकडचंच का?” असे त्याने विचारले तेव्हा मला त्याच्याच बागेकडे बोट दाखवावे लागले. आमच्या जिल्ह्यात ‘टिश्यू कल्चर’ हा शब्द जळगावच्या जैन इरिगेशनच्या रोपांमुळे बांधाबांधावर पोचला. कोंबाचा एक कण काचेच्या बाटलीत वाढवून ग्रँड नैनची हजारो रोपे होतात हे इथे कोणाला नवल वाटत नाही. तेच ऊतिसंवर्धन, प्राण्यांच्या पेशींचे, भारतात प्रथम रुजवले ते पुण्यात 1917 साली जन्मलेल्या कमल रणदिवे ह्यांनी. माहेरच्या त्या समर्थ. फर्ग्युसनमध्ये शिकल्या, एम.एस्सी.साठी सीताफळाच्या कुळाच्या गुणसूत्रांचा अभ्यास केला, आणि मग मुंबईस येऊन डॉ. वसंत रामजी खानोलकर ह्यांच्या हाताखाली कर्करोगाकडे वळल्या. डॉक्टरेटनंतर बाल्टिमोरला जॉर्ज गाय ह्यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी पेशी जोपासण्याची विद्या आत्मसात केली. ‘हेला’ हा जगप्रसिद्ध मानवी पेशींचा वाण ज्यांनी वाढवला तेच हे गाय. परतल्यावर परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात, जे खानोलकरांच्या नेतृत्वाखाली 1952 साली उभे राहिले, त्यांनी ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा थाटली. सीताफळापासून कर्करोगापर्यंतचा हा प्रवास वनस्पतिशास्त्राच्या मास्तराला सुखावणारा आहे, हे कबूल करतो.

त्याच विद्येच्या बळावर पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात अंजली शिरस आणि सहकाऱ्यांनी एका रुग्णाच्या ग्लायोमातून दोन पेशी-वाण वेगळे केले, एक मंद आणि गाठ न रुजवणारा, दुसरा वेगवान आणि रुजवणारा, आणि 2003 साली त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. निरुपद्रवी पेशी घातक कशी होते हे पायरीपायरीने पाहण्याची ती सोय आहे. परळचे केंद्र पुढे टाटा स्मारकाच्या छत्राखाली खारघरला गेले. तिथे शिल्पी दत्त ह्यांच्या गटाने 2015 साली दाखवले की किरणोपचारातून वाचलेल्या ग्लायोब्लास्टोमाच्या मूठभर पेशी एकमेकींत विलीन होऊन अनेक केंद्रकांच्या राक्षसी पेशी बनतात, काही काळ दबा धरून बसतात, आणि मग त्यांच्यापासून वाढ पुन्हा सुरू होते. हीच आमची पिले. आणि नीलम शिरसाट ह्यांच्या गटाने 2013 साली मुलांच्या मेंदूतील मेड्युलोब्लास्टोमा ह्या गाठीसाठी अशी चाचणी सिद्ध केली की मेणात पुरलेल्या जुन्या तुकड्यातूनही कोणत्या पानांच्या नकला निघत होत्या हे वाचून तिचा उपप्रकार ठरवता येतो.

“म्हणजे ह्यातून?” असे म्हणून त्याने डबी उचलली. ह्यातूनच. सुरीने कापलेल्या तुकड्यात, कापला गेला त्या क्षणीची कचेरी जशीच्या तशी थिजलेली असते. कोणता कारकून कोणत्या खुर्चीवर होता ते अजूनही बऱ्याच अंशी वाचता येते, आणि उद्या नवा प्रश्न विचारणारी नवी चाचणी निघाली तर तिलाही हाच ठोकळा लागेल. नानांच्या उपचारासाठी त्याला परळला जायचे होते. भुसावळला गाडी बदलायची, दादरला उतरायचे, आणि जागा मिळाली तर संत गाडगे महाराज धर्मशाळेत, जिथे टाटाला येणारे रुग्ण आणि त्यांची माणसे उतरतात, पथारी टाकायची. खर्चासाठी त्याने अजून न निसवलेल्या बागेवर उचल घेतली होती.

जाताना त्याने डबी पिशवीत अगदी वर ठेवली. मी म्हणालो, अरे, ती खिडकीकडे ठेवू नकोस, दुपारच्या उन्हाने मेण पाघळेल. त्याने ती पुन्हा काढली, रुमाल ओला करून पिळला, डबीभोवती दोनदा गुंडाळला, आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात घालून बटण लावले.